जुनी गाडी: पासिंग करायची की मोडीत काढायची? स्क्रॅप धोरणाचा नांदेड-लातूरकरांसाठी हिशोब

'पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात घालावीच लागणार का?' आरटीओच्या आवारात, गॅरेजवर आणि गावातल्या पारावर हा प्रश्न गेली चार-पाच वर्षं फिरतो आहे. एमएच-२६ असो की एमएच-२४, उत्तर एकच आहे. खासगी मालकाच्या गाडीला केवळ वय झालं म्हणून मोडीत काढण्याची सक्ती नाही. गाडी पासिंगला टिकली, कागद नीट असले, तर ती सोळाव्या काय, बावीसाव्या वर्षीही रस्त्यावर चालू शकते. सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना. खासगी मालकासाठी सरकारने दंडुका न उचलता दुसरा रस्ता धरला: जुनी गाडी ठेवणं महाग करायचं आणि मोडीत काढणं थोडं फायद्याचं करायचं.

हा रस्ता मराठवाड्यातल्या माणसाला कितपत परवडतो, हा खरा मुद्दा आहे. पुण्या-मुंबईत दहा वर्षं वापरून झालेली गाडी इकडे येते आणि इथे तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं. देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा या पट्ट्यात काळी-पिवळी, टमटम, छोटा हत्ती, ४०७ यांच्यावर अनेक घरं चालतात. त्यामुळे शहरासाठी आखलेला हिशोब इथे तसाच लावून चालत नाही.

धोरण आलं कुठून

१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धोरणाची घोषणा झाली. १८ मार्च २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी लोकसभेत त्याचा तपशील मांडला आणि १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी गुजरातमधल्या कार्यक्रमात ते सुरू केलं. तेव्हा सरकारने दिलेले आकडे असे: देशात २० वर्षांवरची ५१ लाख आणि १५ वर्षांवरची ३४ लाख हलकी वाहनं आहेत, शिवाय १५ वर्षांवरची सुमारे १७ लाख मध्यम व अवजड वाहनं वैध फिटनेस प्रमाणपत्राशिवाय आहेत. चांगल्या स्थितीतल्या गाडीपेक्षा अशी गाडी १० ते १२ पट जास्त प्रदूषण करते, असंही सांगण्यात आलं. सुमारे १०,००० कोटींची गुंतवणूक आणि ३५,००० रोजगार येतील असा अंदाज होता.

धोरणाचे दोन खांब आहेत. एक, स्वयंचलित तपासणी केंद्र. तिथे निरीक्षकाच्या नजरेवर न सोडता यंत्रावर ब्रेक, दिवे, धूर तपासायचा. दोन, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र. गाडी तपासणीत नापास झाली, फेरतपासणीतही नापास झाली, की ती 'आयुष्य संपलेली' ठरते आणि स्क्रॅप केंद्राकडे जाते. म्हणजे नियमाच्या मुळाशी वय नसून गाडीची अवस्था आहे. यंत्रावरच्या तपासणीची सक्ती मात्र केंद्रंच पुरेशी उभी न राहिल्याने पुढे ढकलावी लागली.

दोन अफवा

पहिली अफवा दिल्लीची. दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन बंद, हा आदेश दिल्ली व तिच्या आसपासच्या राजधानी परिसरापुरता आहे. हरित लवादाने तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला. पुढे त्यातही बदल झाले. नांदेड, लातूर, हिंगोली, परभणीशी त्याचा संबंध नाही. टीव्हीवर दिल्लीची बातमी बघून इथे घाईघाईत गाडी कवडीमोलाने विकण्याचं कारण नाही.

दुसरी ट्रॅक्टरची. दहा वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात, असा मेसेज व्हॉट्सॲपवर जोरात फिरला होता. रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ मध्येच तो खोटा असल्याचं जाहीर केलं. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे. पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुष्य संपलेल्या वाहनांच्या पर्यावरण नियमांतूनही शेतीचे ट्रॅक्टर, ट्रेलर, हार्वेस्टर आणि पॉवर टिलर वगळलेले आहेत. ऊसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनी याबाबत निर्धास्त राहावं. नोंदणी संपू देऊ नये, एवढंच.

जुनी गाडी ठेवायला काय लागतं

खासगी गाडीची १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी एप्रिल २०२२ पासून महागली. आधी कारला ६०० रुपये लागत, ते ५,००० झाले. मोटारसायकलचे ३०० वरून १,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा दर आला: मोटारसायकल २,०००, तीनचाकी ५,०००, कार १०,००० रुपये. हे पाच वर्षांसाठी. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे, तो वेगळा. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर आणि व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर तो लागतो.

व्यावसायिक गाडीचा मामला जास्त कडक आहे. आठ वर्षांनंतर तिचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या दरांनुसार २० वर्षांवरच्या अवजड ट्रक वा बसला फिटनेससाठी २५,००० रुपये, मध्यम वाहनाला २०,०००, हलक्या वाहनाला १५,००० आणि रिक्षाला ७,००० रुपये लागतात. म्हणजे वीस वर्षांवरचा ट्रक नुसता रस्त्यावर ठेवायलाच महिन्याला दोन हजारांच्या वर गेले. वर विमा, टायर आणि गॅरेज.

मोडीत काढली तर काय मिळतं

धोरणानुसार स्क्रॅपची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मिळावी असं अपेक्षित आहे. केंद्राकडे गाडी जमा केली की 'ठेव प्रमाणपत्र' मिळतं, आणि सगळे फायदे या कागदाला चिकटलेले आहेत. नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात तिची कमाल मर्यादा खासगी गाडीला २५ टक्के आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्के आहे. नेमका दर राज्य ठरवतं, तो आरटीओत विचारून घ्यावा. कंपन्यांनी नव्या गाडीवर ५ टक्के सूट द्यावी असा सरकारचा सल्ला होता. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२४ मध्ये कारवाल्या कंपन्यांनी मान्य केलं ते दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते, आणि साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना ३ टक्के. तेही ठरावीक मुदतीसाठी. पाच टक्क्यांचं दीडवर आलं.

आता उदाहरण. आठ लाखांची पेट्रोल कार घेतली तर महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी सुमारे ८८,००० रुपये एकरकमी कर बसतो. सवलत कमाल २५ टक्के धरली तर २२,००० वाचतात. राज्याचा दर कमी असेल तर तितके कमी. जुन्या गाडीचे चार टक्क्यांनी ३२,००० धरले, कंपनीची सूट दीड टक्क्याने १२,००० धरली, तर सगळं मिळून ६६,००० च्या आसपास. आठ लाखांच्या खरेदीत हा आधार बरा आहे, पण ज्याला नवी गाडी घ्यायचीच होती त्याच्यासाठी. त्याच्या जोडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कार, तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. खरं सांगायचं तर त्या कपातीने नवी गाडी जितकी स्वस्त झाली, तितकी स्क्रॅपच्या सवलतीने कधी झाली नव्हती.

छोट्या मालवाहू गाडीचा हिशोब मात्र गावाकडच्या माणसाला घाम फोडतो. समजा, वीस वर्षांवरची एक हलकी मालवाहू गाडी वर्षाला २५,००० किलोमीटर चालते. जुनी गाडी लिटरला ८ आणि नवी १० किलोमीटर देते असं धरू. जुनीला ३,१२५ लिटर डिझेल लागेल, नवीला २,५००. फरक ६२५ लिटरचा. लिटर ९० रुपये धरला तर ५६,२५० रुपये वाचले. पासिंगचे १५,००० मिळवले की ७१,००० च्या वर. गॅरेजचा खर्च धरून समजा लाखभर. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीसाठी दहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं, तर दहा टक्के व्याजाने हप्ता महिन्याला एकवीस हजारांच्या पुढे जातो, वर्षाला अडीच लाख. दीड लाखाचा खड्डा कुठून भरायचा? धंदा वाढला तरच. ज्याला बारमाही भाडं आहे, म्हणजे लातूरच्या डाळमिलचा माल, दूध, बांधकामाचं साहित्य, त्याने नव्या गाडीकडे जरूर बघावं. ज्याची गाडी फक्त सोयाबीनच्या सुगीत आणि लग्नसराईत हलते, त्याने हप्त्याच्या फासात मान घालण्याआधी दहा वेळा विचार करावा.

खेड्यातला माणूस सहसा जुन्यावरून नव्यावर उडी मारत नाही. तो विसाव्या वर्षाची गाडी विकून सात-आठ वर्षांची घेतो. हवेच्या दृष्टीने तीही सुधारणाच आहे, पण ठेव प्रमाणपत्राच्या सवलती फक्त नव्या गाडीला आहेत. धोरणातली ही सर्वांत मोठी फट म्हणावी लागेल. तिला एक पळवाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे: हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं. स्वतः नवी गाडी घेणार नसाल तर ज्याला घ्यायची आहे तो ते ऑनलाइन विकत घेऊ शकतो. प्रमाणपत्राला मुदत असते, ती त्यावरच लिहिलेली असते. कपाटात ठेवून विसरायचा कागद नव्हे.

भंगारवाला की केंद्र

गावातला भंगारवाला दारात येतो, रोख देतो, कागद मागत नाही. साडेसहाशे किलोची जुनी छोटी कार समजा किलोला २५ रुपयांनी गेली तर सोळा हजार हातात पडतात. किनवट किंवा देवणीहून शे-दोनशे किलोमीटर लांबच्या केंद्रापर्यंत बंद गाडी टोचन करून न्यायची तर त्यातला बराच पैसा वाटेतच संपतो. मोटारसायकलच्या बाबतीत तर बोलायलाच नको. शंभर-सव्वाशे किलोच्या गाडीचे भंगारात तीनेक हजार येतात. तेवढं भाडं टेम्पोलाच. आणि गावोगाव सर्वांत जास्त जुनी वाहनं कोणती, तर दुचाक्याच. केंद्राने तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा गाड्या गोळा करण्याची सोय केल्याशिवाय दुचाकीवाला तिकडे फिरकणार नाही.

तरीही भंगारवाल्याला गाडी देताना एक गोष्ट विसरू नये. गाडी तुटली तरी आरसीवर नाव मालकाचंच राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. हे न केल्यास थकीत कराची नोटीस वर्षांनंतरही येऊ शकते. नंबर प्लेट आणि चासी नंबर दुसऱ्याच गाडीवर चढला आणि ती गाडी अपघातात किंवा गुन्ह्यात सापडली, तर पोलीस आधी आरसीवरच्या पत्त्यावर येतात. नोंदणीकृत केंद्रात गाडी चोरीची नाही ना, बोजा नाही ना हे तपासलं जातं, चासी नंबरचा तुकडा कापून ठेवला जातो आणि गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरून आरटीओ नोंदणी रद्द करतं. मनाची शांतता हाही हिशोबातला आकडा धरायला हरकत नाही.

धूर, तेल आणि बॅटरी

गाडी कोणत्या काळातली आहे त्यावर तिचा धूर ठरतो. देशभर बीएस-३ एप्रिल २०१० पासून, बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं. बीएस-४ ते बीएस-६ या एका पायरीत डिझेल कारच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा जवळपास ६८ टक्क्यांनी आणि बारीक कणांची ८२ टक्क्यांनी खाली आली. २००५ च्या आधीची डिझेल गाडी तर अनेक पायऱ्या मागे आहे. हा धूर वर आकाशात जातो असं समजू नये. तो बसस्टँडवर, शाळेच्या फाटकापाशी, चौकातल्या हातगाडीवाल्याच्या नाकाच्या उंचीवर राहतो.

लातूरकरांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न पाळणाऱ्या देशातल्या शहरांच्या यादीत लातूरचं नाव आहे. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर आणि जालनाही त्यात आहेत. नांदेड नाही, पण तुळजापूर-लातूर-नांदेड-नागपूर महामार्ग आणि अकोला-नांदेड-देगलूर महामार्ग नांदेडलाच एकत्र येतात, हे विसरून चालणार नाही.

मात्र गाडी किती जुनी यापेक्षा ती किती चालते आणि कुठे चालते हे महत्त्वाचं. दिवसाला दीडशे किलोमीटर प्रवासी वाहणारी जुनी डिझेल जीप मोडीत निघाली तर फायदा मोठा. आठवड्याला एकदा बाजाराला जाणारी जुनी पेट्रोल कार मोडीत काढून फारसं साधत नाही, कारण नवी गाडी बनवायलाही लोखंड, वीज, कोळसा लागतोच. धोरणाने वय आणि पासिंग बघितलं, किलोमीटर बघितले नाहीत.

दुसरा, कमी बोलला जाणारा फायदा जमिनीखालचा आहे. प्रत्येक गाडीत इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, एसीचा गॅस आणि शिशाची बॅटरी असते. रस्त्याकडेच्या भंगाराच्या दुकानात गॅस कटरने गाडी तोडताना तेल जमिनीत मुरतं, तांब्यासाठी वायर जाळली जाते, बॅटरीतलं ॲसिड नालीत ओतलं जातं. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या भागात हे परवडणारं नाही. नोंदणीकृत केंद्राने आधी हे सगळं वेगळं काढूनच गाडी कापायची असते. काम करणाऱ्याला हातमोजे, गॉगल मिळतो की नाही हाही फरक आहेच.

लोखंड जातं कुठे

गाडीचं बहुतेक वजन पोलादाचं. मराठवाड्यात या भंगाराचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे जालन्याच्या पोलाद भट्ट्या. घराच्या स्लॅबला लागणारी सळई तिथे भंगार वितळवून बनते. केंद्राच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणानुसार एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. हरितगृह वायूंचं उत्सर्जनही ५८ टक्क्यांनी घटतं. आता गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरही २०२५ च्या नियमांनी जबाबदारी टाकली आहे. जुन्या विकलेल्या गाड्यांत वापरलेल्या पोलादाच्या किमान ८ टक्के इतकं पोलाद त्यांना २०२५-२६ पासून पुनर्वापरात आणायचं आहे, पुढे हे प्रमाण १३ आणि १८ टक्क्यांवर जाईल. याचा अर्थ नोंदणीकृत केंद्रांना कंपन्यांकडूनही पैसा मिळू लागेल. तो गाडीमालकापर्यंत किती झिरपतो, त्यावर केंद्राचा भाव भंगारवाल्याच्या भावाला टक्कर देतो की नाही हे ठरेल.

सरकारी गाड्यांना सुट्टी नाही

१ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका, नगरपालिका, सरकारी महामंडळं आणि एसटीसारख्या सार्वजनिक परिवहन सेवांच्या १५ वर्षांवरच्या वाहनांची नोंदणी नूतनीकरण होत नाही. लष्कर, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेची खास वाहनं तेवढी वगळली आहेत. देशभरात अशी नऊ लाखांवर वाहनं असल्याचं गडकरी यांनी तेव्हा सांगितलं होतं. एसटीच्या नांदेड आणि लातूर विभागांनाही हा नियम लागू आहे. चांगली गोष्ट. पण जुनी एसटी निघाली आणि तिच्या जागी नवी आली नाही, तर प्रवासी काळी-पिवळीत बसतो, आणि ती एसटीपेक्षा जुनी असू शकते. मग धूर कमी झाला कुठे?

तहसील आणि पोलीस ठाण्यांच्या आवारात वाळूच्या कारवाईत जप्त केलेले टिप्पर, बेवारस दुचाक्या वर्षानुवर्षं गंजत पडलेल्या दिसतात. गोदाकाठच्या तालुक्यांत हे चित्र नवं नाही. जप्त, बेवारस किंवा लिलावात निघालेली वाहनंही नोंदणीकृत केंद्रात मोडता येतात, अशी तरतूद नियमात आहे.

परदेशात काय झालं

अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या गाडीवर ३,५०० ते ४,५०० डॉलर दिले. दोन महिन्यांच्या आत पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या मोडल्या आणि तीन अब्ज डॉलरच्या जवळपास खर्च झाला. नंतर अभ्यासकांनी पाहिलं तर बऱ्याच लोकांनी पुढच्या वर्षी घ्यायची गाडी आधी घेतली होती, एवढंच. जर्मनीने त्याच वर्षी २,५०० युरो दिले, सुमारे २० लाख गाड्या बदलल्या. तिथे मोडायच्या काही गाड्या परस्पर आफ्रिकेत विकल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. दोन्ही देशांनी रोख पैसा तिजोरीतून दिला. आपल्याकडे केंद्र राज्यांना प्रोत्साहन निधी देतं, २०२३-२४ मध्ये त्यासाठी ३,००० कोटींची तरतूद होती, पण गाडीमालकाच्या हातात थेट रक्कम येत नाही. तिजोरीवर ताण नाही, हा गुण. गरिबाला उचल मिळत नाही, हा दोष.

मोडीत काढायचं ठरलं तर

अर्ज परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो; नोंदणीकृत केंद्रांची यादीही तिथेच दिसते. आधी दोन-तीन केंद्रांना फोन करून भाव आणि गाडी घरून नेण्याचा खर्च कोण करणार हे विचारावं. काही केंद्रं स्वतः गाडी उचलतात. मूळ आरसी, ओळखपत्र, पॅन आणि रद्द केलेला धनादेश तयार ठेवावा. कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरून बँकेचा बोजा उतरवलेला आहे का ते बघावं; बहुतेक अर्ज इथेच अडकतात. थकीत चलान आणि कर आधी तपासावा. गाडी वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. गाडी जमा करताना ठेव प्रमाणपत्र आणि गाडी मोडल्यावर मोडीचं प्रमाणपत्र, असे दोन कागद येतात. दुसरा कागद आला, की आठ-पंधरा दिवसांनी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी रद्द झाली का ते पाहावं. झाली नसेल तर आरटीओत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावं.